पगारवाढ नाकारली म्हणून नोकरी सोडली, आणि याच लोहाराने लेथला अचूक आटे पाडायला शिकवलं

धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर कुरखेड्याच्या रस्त्यावर पंक्चर होतो. ड्रायव्हर ट्रॉलीखाली स्क्रू जॅक लावतो, दांडा फिरवायला लागतो आणि बघता बघता भरलेली ट्रॉली एकटा माणूस वर उचलतो.

ही ताकद त्याच्या दंडातली नाही, जॅकच्या जाडजूड आट्यांमधली आहे. आटे म्हणजे काय, तर गोल दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. डोंगरावर सरळ चढता येत नाही म्हणून आपण घाट बांधतो ना, तसंच.

पण लोखंडात असा घाट कोरायचा कसा? तोही एकसारखा, पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत? या प्रश्नाचं कामाचं उत्तर दिलं लंडनच्या एका कामगाराने. त्याचं नाव हेन्री मॉडस्ली.

मॉडस्लीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळच्या वूलविचचा. वडील तिथल्या सरकारी शस्त्रागारात कामाला होते. पोरगा बाराव्या वर्षी त्याच शस्त्रागारात काडतुसं भरायच्या कामाला लागला. पुढे सुतारकामात घातलं, पण त्याचं लक्ष शेजारच्या लोहारशाळेत. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला भट्टीवर पाठवलं, आणि तिथे त्याचा हात असा बसला की त्याचं नाव वूलविचच्या बाहेर गेलं.

त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा संशोधक एक अवघड कुलूप तयार करत होता. कुलपाचं डिझाइन भारी होतं, पण इतके बारीक भाग बनवणारा माणूस मिळत नव्हता. त्याने अठरा वर्षांच्या मॉडस्लीला बोलावून घेतलं. या कंपनीने दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलं आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं. पार १८५१ मध्ये एका अमेरिकन कारागिराने उघडेपर्यंत त्या कुलपाने कोणालाच दाद दिली नाही.

मॉडस्ली ब्रामाच्या वर्कशॉपचा मुख्य झाला. तिथेच लग्न झालं, मुलं झाली. पगार मात्र आठवड्याला ३० शिलिंगच. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने ती नाकारली. मॉडस्ली बाहेर पडला आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या एका गल्लीत त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

आता तेव्हाचा लेथ कसा होता ते बघा. जॉब फिरायचा, पण टूल बहुतेक ठिकाणी कामगाराच्या हातातच असायचं. हात हलला की माप हललं. आटे तर बरेचदा छिन्नी-कानशीने पाडायचे. त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेलच याची खात्री नसायची.

१८०० च्या सुमारास मॉडस्लीने जो लेथ उभा केला, त्यात टूल हातातून काढून लोखंडी सरकत्या पाटावर घट्ट आवळलं. हा पाट सरकवायला एक लांब स्क्रू बसवला, तोच लीड स्क्रू. जॉब आणि लीड स्क्रू गिअरने जोडले. जॉबचा एक फेरा झाला की टूल ठरलेलं अंतरच पुढे जाणार. गिअर बदलला की आट्यांची पिच बदलली.

यातला प्रत्येक तुकडा त्याने शोधला असं नाही. आधीही काहींनी असे लेथ केले होते. मॉडस्लीचं मोठेपण हे की त्याने सगळं एकत्र आणून रोजच्या कामात चालेल इतकं भक्कम आणि अचूक केलं.

पण आटे पाडायला आधी अचूक आट्यांचा स्क्रू हवा. मग पहिला आणायचा कुठून? त्याने लाकूड आणि कथलासारख्या मऊ धातूंचे गोल दांडे घेतले, त्यावर तिरकं पातं टेकवून दांडा फिरवला. पातं आपोआप पुढे सरकत आटे कोरत गेलं. त्यातले चांगले निवडायचे, सुधारायचे आणि त्यावरून पोलादी स्क्रू तयार करायचा.

पुढे नौदलासाठी जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवणारी मशिन त्याने मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून तयार केली. पोर्ट्समथच्या त्या कारखान्यात ११० कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. १८२५ मध्ये इंग्लंडहून कोलकात्याला आलेल्या ‘एंटरप्राइझ’ या पहिल्या वाफेच्या जहाजाचं इंजिनही त्याच्याच कंपनीचं.

आता आजच्या सीएनसी लेथकडे येऊ. समजा ६० मिलिमीटरच्या दांड्यावर ९ मिलिमीटर पिचचे ट्रॅपेझॉयडल आटे पाडायचेत. खोली ५ मिलिमीटर. आट्याच्या पूर्ण आकाराचं टूल सरळ आत घुसवत नेलं, तर त्याच्या दोन्ही बाजू एकदम कापायला लागतात. चिप कोंडते, जॉब थरथरतो आणि टूलचं टोक उडतं.

म्हणून आधी रफिंग. खाचेपेक्षा अरुंद टूल घ्यायचं. एक पास डाव्या अंगाने, एक उजव्या अंगाने, थरामागून थर काढत खाली जायचं. कडेला थोडासा माल शिल्लक ठेवायचा आणि शेवटी हलक्या पासमध्ये फिनिशिंग करायचं.

हे जमतं कशामुळे? प्रत्येक पासला टूल ठरलेल्या जागीच उतरतं म्हणून. मॉडस्लीकडे हे काम गिअर आणि लीड स्क्रू करायचे. सीएनसीत जॉब किती फिरला हे एन्कोडर सांगतो आणि त्या हिशोबाने मोटर टूल सरकवते. म्हणूनच आटे अर्धवट असताना आरपीएम बदलू नये. टूलची सुरुवात किंचित सरकते आणि महागडा जॉब भंगारात जातो.

मॉडस्ली १४ फेब्रुवारी १८३१ ला गेला. फ्रान्सहून परतताना त्याला थंडी बाधली होती. वूलविचला त्याची कबर बांधली, तीही बिडाच्या लोखंडाची आणि त्यानेच डिझाइन केलेली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण माप मांडलं, आणि कुठलाही नट कुठल्याही बोल्टला बसायची वाट मोकळी झाली.

गडचिरोलीतून टर्नरचा ट्रेड करून बुटीबोरीच्या किंवा चाकणच्या एमआयडीसीत गेलेला पोरगा आज बटण दाबतो आणि आटे पडतात. टूल हाताऐवजी मशिनमध्ये घट्ट आवळलेलं असतं, आणि जॉबच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं अंतरच पुढे जातं. ही शिस्त त्याच्या मशिनला मिळाली, ती ३० शिलिंगांवर समाधान न मानलेल्या एका लोहाराकडून.