अधिकार नसलेला अधिकारी : होरेस मॅन



शाळा कोणाची, हा प्रश्न कधी आपल्या मनात आला आहे काय? इमारत बांधणाऱ्याची, पगार देणाऱ्या सरकारची, शिकवणाऱ्या मास्तरांची, की ज्यांचे मूल तिथे शिकते त्या आईबापांची? शाळा वर्षातून किती महिने भरावी, मास्तर कोणी नेमावा, पुस्तक कोणते लावावे, हे गावाने ठरवायचे की राज्याच्या कायद्याने? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हाच वाद मोठ्या जोराने पेटला होता. त्या वादाच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या एका माणसाची जीवनकथा आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याचे नाव होरेस मॅन.

होरेसचा जन्म ४ मे १७९६ रोजी फ्रँकलिन नावाच्या गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतीची कामे करावीत, उरलेल्या वेळात टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणाव्यात आणि त्या विकून चार पैसे मिळवावेत, असे त्याचे बालपण गेले. पंधरा वर्षांचा होईपर्यंत वर्षातून आठ-दहा आठवड्यांपेक्षा अधिक शाळा त्याच्या वाट्याला कधी आली नाही. तेरा वर्षांचा असताना वडील वारले. पुढच्याच वर्षी एक भाऊ पाण्यात बुडून मेला. विद्यार्थी मित्रांनो, शिक्षणाची दारे बंद होण्यास याहून अधिक कारणे कोणती लागतात?

पण एक दार उघडे राहिले. या गावाने आपले नाव सुप्रसिद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून ठेवले होते. त्याबद्दल प्रार्थनामंदिरासाठी एक घंटा त्यांनी भेट द्यावी, अशी गावकऱ्यांची इच्छा होती. फ्रँकलिन यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठविली! त्या पुस्तकांचे छोटेसे ग्रंथालय झाले आणि शेतातून दमून आलेला होरेस ती पुस्तके वाचू लागला. पुढे एका शिकवणाऱ्याच्या मदतीने अवघ्या सहा महिन्यांत तयारी करून १८१६ साली त्याने ब्राऊन विद्यापीठात प्रवेश मिळविला, तोही थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. १८१९ साली तो पहिल्या क्रमांकाचा मान घेऊन पदवीधर झाला. १८२३ साली वकिलीची सनद मिळाली, १८२७ साली राज्याच्या विधिमंडळात निवड झाली आणि १८३६ मध्ये मॅन राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात मोठे दुःखही कोसळले. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच १८३२ साली त्यांची पत्नी शार्लोट निवर्तली. तरीही जगाच्या दृष्टीने पाहिले तर नाव, पैसा, सत्ता सारे हाताशी आले होते.

आता त्या राज्यातील शाळांची स्थिती काय होती ते पाहू. डिस्ट्रिक्ट हा शब्द ऐकून आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. तेथे एका गावाच्या हद्दीत आपल्या वाड्यांसारखे अनेक भाग असत. प्रत्येक भागाची एक शाळा आणि त्या भागाला म्हणायचे स्कूल डिस्ट्रिक्ट. १७८९ च्या कायद्याने अशा भागांना मान्यता मिळाली आणि पुढच्या कायद्यांनी त्यांना कर बसविण्याचे व मास्तर नेमण्याचे अधिकारही मिळत गेले. लोकांच्या हाती शाळा, हे ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात काय झाले? जो भाग श्रीमंत त्याची शाळा बरी, जो गरीब त्याची पडकी. कर वाचवावा म्हणून शाळा थोडेच आठवडे चालवायची, कमीत कमी पगार मागेल तो मास्तर ठेवायचा, आणि शाळेचे घर बांधायचे ते कोणाच्याच उपयोगी नसलेल्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर. १८२६ च्या कायद्याने प्रत्येक गावाला शाळा समिती निवडणे भाग पडले खरे, पण या समित्या काम करतात की झोपा काढतात, हे विचारणारे कोणीच नव्हते. ऐपतदार लोक आपली मुले खाजगी शाळांत घालीत आणि मग सार्वजनिक शाळेसाठी कर देताना कुरकुर करीत.

या स्थितीवर उपाय म्हणून जेम्स कार्टर या शिक्षणप्रेमी आमदाराच्या प्रयत्नाने २० एप्रिल १८३७ रोजी एक कायदा झाला आणि राज्याचे शिक्षण मंडळ स्थापन झाले. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि नेमलेले आठ सभासद असे ते दहा जणांचे मंडळ होते. या मंडळाचे सचिवपद मॅन यांनी घ्यावे, असा एडमंड ड्वाइट या उद्योगपतींनी आग्रह धरला. सिनेटचे अध्यक्षपद आणि चांगली चाललेली वकिली सोडून मॅन यांनी ते पद स्वीकारले. मित्रांना हा वेडेपणा वाटला. तो का वाटला, हे समजून घेण्यासारखे आहे. या मंडळाला एकही शाळा उघडण्याचा, एकही मास्तर नेमण्याचा किंवा काढण्याचा, एका पैचाही कर बसविण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता. माहिती गोळा करावी, ती लोकांत पसरवावी आणि दरवर्षी विधिमंडळाला अहवाल द्यावा, एवढेच त्याचे काम. म्हणजे अधिकारी खरा, पण अधिकार नाही!

दुसरा कोणी असता तर खुर्चीत बसून पगार घेतला असता. मॅन घोड्यावर बसून निघाले. राज्यातील काउंटीमागून काउंटीत ते सभा घेत. कुठे सभागृह भरे, कुठे मोजकेच लोक येत. शाळांच्या खोल्या ते स्वतः पाहत. हवा येण्यास खिडकी आहे का, बाकाला पाठ आहे का, हिवाळ्यात खोली गरम राहते का, याची टिपणे घेत. पिट्सफील्ड गावी शिक्षकांच्या शिबिरासाठी ते गेले तेव्हा खोली झाडलेलीसुद्धा नव्हती, तर त्यांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गव्हर्नर ब्रिग्ज यांनी हाती झाडू घेऊन ती स्वच्छ केली! आपल्यापैकी किती अधिकाऱ्यांनी, आणि खरे सांगायचे तर किती शिक्षकांनी, असे केले असते?

त्यांचे खरे हत्यार मात्र हिशेब हे होते. १८३८ च्या कायद्याने प्रत्येक गावाच्या शाळा समितीला आपल्या शाळांचा वार्षिक अहवाल लिहून तो गावसभेत मांडणे आणि त्याची प्रत राज्याकडे पाठविणे आवश्यक झाले. शाळांतून हजेरीपत्रके ठेवणे सुरू झाले. जे गाव माहिती पाठविणार नाही त्याला राज्याच्या शाळा निधीतील वाटा मिळत नसे. आलेल्या माहितीवरून कोणते गाव दर मुलामागे किती खर्च करते, याच्या क्रमवार याद्या मॅन छापू लागले. आपले गाव शेजारच्या गावापेक्षा किती खाली आहे, हे छापील कागदावर दिसू लागले आणि ज्यांना उपदेशाने जाग येत नव्हती त्यांना त्या यादीने जाग आली. ज्याच्या हाती हुकूम नाही त्याने लोकांच्या हाती माहिती दिली, आणि लोकांनीच आपापल्या समित्यांना जाब विचारला.

हळूहळू नवे कायदे आले. १८३९ साली शाळा वर्षातून निदान ६ महिने चाललीच पाहिजे, असे ठरले. ज्या मुलाला एकेकाळी आठ-दहा आठवड्यांवर समाधान मानावे लागले होते, त्याच्या डोळ्यांसमोर हा कायदा झाला! १८३७ च्या दुसऱ्या एका कायद्याने डिस्ट्रिक्टला शाळेच्या ग्रंथालयासाठी पहिल्या वर्षी ३० डॉलर आणि पुढे दरवर्षी १० डॉलरपर्यंत कर गोळा करण्याची मुभा दिली होती. मॅन यांनी या ग्रंथालयांचा ध्यास घेतला, आणि १८४२ साली स्वतः पैसे उभे करणाऱ्या डिस्ट्रिक्टला राज्याने १५ डॉलरची मदत सुरू केली. फ्रँकलिन गावच्या त्या पुस्तकांचे ऋण असे फिटले.

शिक्षकच तयार नसेल तर कायदा काय करील? १८३८ साली ड्वाइट यांनी १०,००० डॉलर देऊ केले, राज्याने तितकीच भर घातली आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे शिक्षक तयार करणारी पहिली सरकारी शाळा उघडली. पहिल्या दिवशी किती विद्यार्थिनी आल्या असतील? फक्त ३. माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या माणसाला त्या तीन मुलींपुढे हात जोडावेसे वाटतात.

विरोध झाला नाही असे समजू नका. १८४० साली विधिमंडळात हे मंडळच बरखास्त करावे, असा प्रस्ताव आला. गावाच्या शाळेत राज्याने ढवळाढवळ का करावी, हा परदेशी राजसत्तेचा नमुना आमच्या डोक्यावर का, असा विरोधकांचा सवाल होता. प्रस्तावाच्या बाजूने १८२ आणि विरुद्ध २४५ मते पडली आणि मंडळ वाचले. १८४३ साली मेरी पीबडी यांच्याशी विवाह करून मॅन युरोपच्या शाळा पाहण्यास गेले. परत आल्यावर तिकडचे शिक्षक छडीशिवाय शिकवतात, हे त्यांनी अहवालात मांडले, तेव्हा बॉस्टनचे ३१ मुख्य शिक्षक त्यांच्यावर तुटून पडले. मॅन यांनीही लेखणी खाली ठेवली नाही. १२ वर्षांत त्यांनी १२ वार्षिक अहवाल लिहिले. या काळात शाळांवरील सार्वजनिक खर्च दुपटीहून अधिक झाला, सुमारे ५० नवी हायस्कुले निघाली, पुरुष शिक्षकांचे पगार ६२ टक्क्यांनी आणि स्त्री शिक्षकांचे ५१ टक्क्यांनी वाढले.

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या उणिवा झाकणे, हे मला योग्य वाटत नाही. सर्व पंथांची मुले एका बाकावर बसावीत, कोणत्याही एका पंथाची शिकवण शाळेत नसावी, असे मॅन सांगत. परंतु शाळेत बायबल वाचले जाई ते प्रॉटेस्टंटांचे. कॅथॉलिक आईबापांना ते कसे रुचावे? १८५९ साली बॉस्टनच्या एका शाळेत प्रॉटेस्टंट पद्धतीने धर्माज्ञा म्हणण्यास नकार देणाऱ्या एका कॅथॉलिक मुलाला मार खावा लागला. अनेक कॅथॉलिकांनी आपल्या वेगळ्या शाळा काढल्या त्या याच वेदनेतून. तसेच बॉस्टनमध्ये काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसविले जाई, त्याविरुद्ध सचिव असताना मॅन यांनी हवा तसा आवाज उठविला नाही, ही टीकाही त्यांच्यावर त्याच काळी झाली. तो अन्याय १८५५ च्या कायद्याने दूर झाला. वर्ण किंवा धर्म यांवरून कोणत्याही मुलाला सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारू नये, असे राज्याने स्थानिक समित्यांना बजावले. सर्वांसाठी असलेली शाळा खरोखर सर्वांची आहे का, हे त्या शाळेतल्या सर्वांत दुबळ्या मुलाला विचारावे लागते, हाच त्यातला धडा.

१८४८ साली जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर मॅन अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले आणि तेथे गुलामगिरीविरुद्ध लढले. नंतर ओहायो राज्यातील अँटिऑक कॉलेजचे ते अध्यक्ष झाले. १८५३ साली सुरू झालेल्या या कॉलेजात मुले व मुली एकत्र शिकत आणि काळ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश होता. कॉलेज कर्जात बुडाले, ते वाचविण्याच्या धडपडीत त्यांची प्रकृती ढासळली आणि २ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांनी पेरलेले पुढे उगवत राहिले. ८ ते १४ वर्षांच्या मुलाने वर्षातून निदान १२ आठवडे शाळेत गेलेच पाहिजे, असा अमेरिकेतील पहिला सक्तीचा कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ सालीच केला होता. आणि त्या जुन्या वाडीवार डिस्ट्रिक्टांची पद्धत १८८२ साली तेथून कायमची गेली. गावाची शाळा समिती मात्र राहिली.

वाचकहो, ही गोष्ट दूर देशाची, पण ती आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असावी आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरविले आहे. कायद्याने हक्क तर दिला. पण सभेची नोटीस येते, आपण सही करून पाठवतो आणि सभेच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहतात, हे मी शिक्षक म्हणून डोळ्यांनी पाहतो. मॅन यांच्या हाती अधिकार नव्हता तरी त्यांनी एक राज्य जागे केले. आपल्या हाती तो असून आपण झोपून राहावे काय?

तेव्हा पालकांनो, पुढच्या सभेला अवश्य या. शाळा किती दिवस भरली, किती मुले मध्येच गळाली, ग्रंथालयाचे कपाट वर्षातून किती वेळा उघडले, हे आम्हाला विचारा. आम्हा शिक्षकांना थोडे अवघड वाटेल, वाटू द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, काड्यांच्या वेण्या विणणाऱ्या त्या मुलाला वर्षातून आठ-दहा आठवडे शाळा मिळत होती. तुम्हाला मिळणाऱ्या प्रत्येक दिवसाचे मोल तुम्हीच ठरवायचे आहे.