अंधाराला आकार देणारे बाबूराव पेंटर

मूकपटांच्या आरंभकाळी चित्रपटाचा दिवा एकच होता, तो म्हणजे सूर्य. घराच्या आतले प्रसंगही छत नसलेल्या नेपथ्यात, वर पांढरे कापड ताणून, कडेच्या परावर्तक फळ्यांनी ऊन वळवून चित्रित होत. ढग आला की काम थांबे. त्यामुळे पडद्यावरचे माजघर अंगणाइतकेच लख्ख दिसे. या व्यवस्थेला कोल्हापुरातून ज्यांनी छेद दिला, ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूरावांनी आधी बंधू आनंदरावांसह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. सपाट कापडावर महालाची खोली भासविणे म्हणजे उजेड कोठे पडतो आणि सावली कोठे साचते, हे ओळखणे. त्यांचे खरे शिक्षण तेच असावे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने दोघा बंधूंना चित्रपटाचे वेड लावले, परंतु १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० च्या ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका खरा वाटला, की त्याला कात्री लागली.

पुढे ‘सिंहगड’ आला, १९२३ साली. तानाजीची चढाई रात्रीची. ती भर उन्हात दाखविणे चित्रकाराच्या नजरेला कसे रुचावे? बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा आधार घेऊन चांदणे भासविले. त्या काळची फिल्म प्रकाशाची फार भुकेली होती, तांबडा रंग तर तिला जवळपास काळाच दिसे. म्हणून थोडासा अंधार दाखविण्यासाठीही पुष्कळ उजेड लागे, आणि तो नेमक्या जागी अडवावा लागे. आज संवेदनक्षम कॅमेरे हाताळणाऱ्यांना ही कसरत कळणे कठीण आहे.

‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) हा अंधार ऐतिहासिक वीरांकडून कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीत आला. त्या मंद उजेडातल्या खोपटात भपका नव्हता. दारिद्र्य जसे असते तसे दिसत होते. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाने मात्र या चित्रपटाकडे पाठ फिरविली. माझ्या मते बाबूरावांचे सर्वांत मोठे काम हेच, आणि त्याचीच त्यांना सर्वांत कमी दाद मिळाली.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी कंपनी सोडून ‘प्रभात’ स्थापन केली. त्यांच्या पुढील वैभवात गुरूची नजर ठायीठायी दिसते. बोलपटांचे बाबूरावांना फारसे आकर्षण नव्हते, तरी १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, आवाजासह, काढला. १९५२ चा ‘विश्वामित्र’ त्यांचा अखेरच्या काळातला चित्रपट. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कोल्हापुरात निवर्तले.