कविराय रामजोशी

पेशवाईच्या अखेरच्या काळात महाराष्ट्रात अनेक नामांकित शाहीर होऊन गेले. संगमनेरचा अनंत फंदी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांची नावे आजही आदराने घेतली जातात. त्यांच्याच मालिकेत सोलापूरचा रामजोशी येतो. परंतु त्याची गोष्ट इतरांहून निराळी आहे. तो ज्या घरात जन्मला त्या घरात पोथ्या होत्या, पंचांगे होती, वेदमंत्रांचा घोष होता. डफ मात्र नव्हता. तो डफ त्याने आपण होऊन हाती घेतला आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली.

इ. स. १७६० च्या सुमारास सोलापुरात रामाचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे नाव जगन्नाथ. घराण्याकडे जोशीपण होते. पंचांग सांगावे, लग्नामुंजीचे मुहूर्त काढावे, पत्रिका मांडाव्या, ही त्यांची वृत्ती. थोरला भाऊ मुद्गल हा संस्कृत विद्येत निष्णात असून पुराण सांगण्यात त्याचा लौकिक होता. धाकट्या भावाने शास्त्रे शिकावी, घराण्याचे नाव राखावे, अशी त्याची इच्छा होती. रामाची बुद्धी तल्लख होती आणि एकदा ऐकलेले त्याच्या ध्यानात राही. त्यामुळे मुद्गलाची आशा व्यर्थ होती असे म्हणता येत नाही. परंतु रामाचे कान पोथीकडे कमी आणि रस्त्याकडे अधिक असत.

त्या काळचे सोलापूर हे भुईकोट किल्ल्याच्या व सिद्धेश्वराच्या तळ्याच्या आसऱ्याने वसलेले बाजारपेठेचे गाव होते. त्याच्या पुढे कानडी मुलूख लागे. बाजारात मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा तिन्ही बोली एकदम कानी पडत. अशा गावी तमाशाचे फड रंगत यात नवल नाही. गावात धोंडी नावाचा एक शाहीर होता. त्याच्या फडाचा आवाज कानी पडला, की रामाचे पाय तिकडे वळत.

तमाशा म्हणजे काय हे येथे थोडे सांगितले पाहिजे. त्याला ना रंगभूमी, ना पडदा. देवळापुढचे पटांगण किंवा बाजाराची मोकळी जागा हेच त्याचे स्थान आणि पलित्यांचा उजेड हीच त्याची रोषणाई. पुढे शाहीर डफावर थाप मारी. मागे तुणतुणे व मंजिरी घेतलेले झीलकरी उभे राहत. शाहिराने लावणीचे पालुपद म्हटले, की झीलकरी ते उंच स्वरात उचलून धरीत. स्त्रीवेष घेतलेला मुलगा पायांत चाळ बांधून नाचे. भोवती शेतकरी, कारागीर, शिपाई, हमाल अशा नाना तऱ्हांच्या लोकांची दाटी होई आणि त्यांनी खूश होऊन दिलेले पैसे हीच फडाची मिळकत असे. या लावण्यांत पुष्कळदा शृंगार असे, कधी कधी तो उघडाही असे. म्हणून विद्वानांच्या घरात तमाशाचे नाव काढणेही कमीपणाचे मानले जाई.

राम नुसता ऐकून थांबला नाही. तो धोंडीला लावण्या रचून देऊ लागला. धोंडीचा आवाज आणि रामाचे शब्द एकत्र आले आणि फडाला रंग चढू लागला. अशी गोष्ट सोलापूरसारख्या गावात किती दिवस लपून राहणार? ती मुद्गलाच्या कानी गेली. जोशांच्या घरचा मुलगा तमासगिरांत बसतो, या बोभाट्याने तो संतापला आणि त्याने रामाला घराबाहेर काढले. मुद्गलाला दोष देणे आज सोपे आहे; पण ज्या समाजात तो राहत होता त्या समाजात घराण्याचा मान हीच त्याच्या उपजीविकेची पुंजी होती, हेही विसरता येत नाही. पुराण ऐकायला येणारे श्रोते तमासगिराच्या भावाकडे आले नसते तर त्याने करावे काय?

घर सुटले तेव्हा राम फडाच्या आश्रयाला जाईल असेच कोणालाही वाटले असते. त्याने तसे केले नाही. तो सोलापुराहून सुमारे ७० किलोमीटर दूर असलेल्या पंढरपूरची वाट चालू लागला. पंढरपुरात बाबा पाध्ये या नावाचे थोर पंडित होते. त्यांच्यापाशी राहून त्याने संस्कृत काव्याचे व शास्त्राचे अध्ययन केले. जी विद्या घरी आग्रहाने दिली जात होती तेव्हा नकोशी वाटली, तीच त्याने परक्या गावी कष्टाने मिळवली. यमके, अनुप्रास, श्लेष, वृत्तांचे बारकावे हे सारे त्याने आत्मसात केले. विद्या संपादन करून तो सोलापुरास परतला, तेव्हा घराचे दार पुन्हा उघडले. तो पुराण सांगू लागला आणि लोक त्याला ऐकू लागले.

येथे एखाद्या गोष्टीचा शेवट गोड झाला असता. परंतु रामजोशीच्या जिवाला डफाची ओढ होती, ती पंढरपुरातील एवढ्या वर्षांच्या अभ्यासाने उणावली नव्हती. तो पुन्हा लावणीकडे वळला. या वेळी मात्र तो चोरून दुसऱ्याला गीते रचून देणारा मुलगा नव्हता. तो स्वतः शाहीर होता आणि त्याच्या डफाला आता पंडिताच्या शब्दसंपत्तीची जोड मिळाली होती.

त्याच्या लावणीचे वैशिष्ट्य कशात आहे? पहिली गोष्ट नादाची. एकाच अक्षराची तो अशी माळ गुंफतो, की वाद्य नसतानाही डफाची थाप ऐकू येते. लावणी वाचू लागले तरी पाय ठेका धरतात. दुसरी गोष्ट चातुर्याची. संस्कृत काव्यात छेकापह्नुती नावाचा एक अलंकार आहे. त्यात बोलणारा एका गोष्टीचे वर्णन करतो. ऐकणाऱ्याला वाटते, की आपण ओळखले. आणि मग बोलणारा हसून सांगतो, की छे, मी तर भलत्याच वस्तूविषयी बोलत होतो. पंडितांच्या सभेतला हा खेळ रामजोशीने तमाशाच्या पटांगणात आणला आणि ज्यांनी त्या अलंकाराचे नावही कधी ऐकले नव्हते अशा माणसांना हसवले. तिसरी गोष्ट भाषांची. मराठी, संस्कृत, कानडी व हिंदुस्थानी अशा चार भाषा एकाच लावणीत नांदविण्याचे धाडस त्याने केले. सोलापूरच्या बाजारात वाढलेल्या मुलालाच हे सुचावे! शृंगाराच्या लावण्यांप्रमाणेच मनुष्यजन्माचे सार्थक कशात आहे, ढोंगी भक्ताचे सोंग कसे फोल असते, अशा उपदेशपर लावण्याही त्याने लिहिल्या, आणि त्या तितक्याच लोकप्रिय झाल्या.

त्या काळी मराठी मुलखात छापखाने जवळजवळ नव्हतेच. कवीची कीर्ती मोजायची तर ती एकाच मापाने मोजता येई. दुसरे फड त्याची लावणी उचलतात की नाही, हे पाहावे. उचललेली लावणी कोणाची हे कळावे म्हणून शाहीर शेवटच्या चौकात आपले नाव गुंफीत. रामजोशीने त्या जागी आपल्यासाठी ‘कविराय’ ही मुद्रा योजली. घराण्याला बट्टा लावला म्हणून ज्याला उंबऱ्याबाहेर काढले होते, तो स्वतःला कवींचा राजा म्हणवीत होता. हा थोडा गर्व होता, हे मान्य केले पाहिजे. पण ती मुद्रा असलेल्या लावण्या सोलापूरपासून पुण्यापर्यंत गायल्या जात होत्या.

याच सुमारास बारामतीस मोरोपंत राहत होते. मराठीतील पंडित कवींत त्यांचा अधिकार फार मोठा. रामायण, महाभारत त्यांनी मराठीत आणले. त्यांची ‘केकावली’ प्रसिद्ध आहे. आर्या हे त्यांचे आवडते वृत्त. आर्येत अक्षरे मोजत नाहीत, मात्रा मोजतात. ऱ्हस्वाची एक व दीर्घाची दोन. अशा मोजून मापून बसविलेल्या ओळींत मोरोपंत लांब लांब संस्कृत समास भरीत. त्यामुळे विद्वान माना डोलावीत. पण साध्या माणसाला त्या आर्या कठीण जात.

मोरोपंत व रामजोशी यांची भेट झाली, आणि वृद्ध पंडिताने या तमासगीर कवीची योग्यता ओळखली. इतकी सुंदर वाणी ईश्वराच्या गुणगानाकडे लागावी, असे मोरोपंतांनी त्याला सुचविले आणि ते ऐकून रामजोशीने आपला डफ फोडून टाकला, अशी कथा परंपरेने सांगत आले आहेत. डफ खरोखर फुटला की नाही, ते असो. रामजोशी कीर्तनकार झाला, हे मात्र खरे. मुद्गलाच्या संतापाने जे झाले नव्हते, ते मोरोपंतांच्या कौतुकाने झाले.

कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादे तत्त्व समजावून सांगायचे आणि उत्तररंगात त्याला अनुरूप आख्यान लावायचे. रामजोशीने आपल्या कीर्तनांत मोरोपंतांच्या आर्या घेतल्या. डफावर ज्याने वर्षानुवर्षे हजारोंच्या गर्दीला खिळवून ठेवले, त्याला कोणत्या शब्दावर थांबावे, कोठे स्वर चढवावा, कोठे हसवावे हे शिकवावे लागत नव्हते. त्याच्या मुखातून आर्या ऐकल्या, की अवघड समास उलगडत आणि अर्थ श्रोत्यांच्या मनात उतरे. मोरोपंतांचे काव्य पंडितांच्या ओसरीवरून देवळाच्या सभामंडपात व तेथून घराघरांत गेले, त्याचे मोठे श्रेय रामजोशीला दिले जाते. मोरोपंत १७९४ साली वारले. त्यांच्या आर्या मात्र कीर्तनकारांच्या तोंडी राहिल्या.

कीर्तनकार झाल्याने शाहीर रामजोशी लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. पेशव्यांच्या पुण्यात लावणीला मोठा आश्रय होता आणि गुणी शाहिराला मान व द्रव्य दोन्ही मिळत. रामजोशीनेही तेथे नाव मिळवले. मिळालेला पैसा त्याच्याजवळ टिकत नसे, असे सांगतात. बया नावाच्या गायिकेचे नावही त्याच्या नावाबरोबर परंपरेत जोडले गेले आहे. त्याच्या लावण्या तिच्या गळ्यातून ऐकायला लोक गर्दी करीत, असे म्हणतात.

१८१२-१३ च्या सुमारास रामजोशी निवर्तला. पुढे पाच-सहा वर्षांतच, १८१८ साली, पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा राजाश्रय संपला. तमासगिरांच्या हस्तलिखित बाडांत आणि त्यांच्या पाठांतरात रामजोशीच्या लावण्या तेवढ्या राहिल्या. बाडे फाटत, गाणारे म्हातारे होत, एका फडातला शब्द दुसऱ्या फडात बदले. विसाव्या शतकाच्या आरंभी शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी अशा जुन्या लावण्या परिश्रमाने गोळा केल्या आणि रामजोशीच्या रचना पुस्तकरूपाने छापून वाचकांच्या हाती दिल्या.

१९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा मराठी चित्रपट निघाला. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने तो काढला. रामजोशीची भूमिका जयराम शिलेदार यांनी व बयेची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. गीते ग. दि. माडगूळकर यांची व संगीत वसंत देसाई यांचे होते. परंतु त्या नव्या गीतांच्या बरोबरीने रामजोशीची एक मूळ लावणीही चित्रपटात घेतली होती, आणि चित्रगृहातून बाहेर पडणारे लोक ती गुणगुणत घरी जात.