महूचा किशनलाल: आधी वाट पाहिली, मग सोनं आणलं, मग शिकवलं

सरदारपूर (धार) : सरदारपूरहून धारमार्गे महू गाठता येतं. मराठी माणसाला महू माहीत आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून. आता गावाचं नावही डॉ. आंबेडकर नगर आहे. पण याच छावणीच्या गावाने देशाला आणखी एक मोठा माणूस दिला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा हॉकी संघाचे कर्णधार होते महूचे किशनलाल.

2 फेब्रुवारी 1917 चा त्यांचा जन्म. महू ही इंग्रज फौजेची छावणी. गोऱ्या पलटणी, परेडची मैदानं, पोलो आणि हॉकी हे सगळं गावातल्या पोरांना रोज दिसायचं. किशनलाल यांना लहानपणी पोलोचं वेड होतं. पण घोडा पाळणं सामान्य घराच्या आवाक्यातलं नाही, हॉकीला मात्र एक काठी पुरते. चौदाव्या वर्षी त्यांनी ती काठी हातात घेतली. लवकरच ते महू हीरोज आणि पुढे महू ग्रीन वॉल्स या स्थानिक संघांतून खेळू लागले. त्यांची जागा उजव्या बगलेवर, म्हणजे पुढच्या फळीत. चेंडू घेऊन कडेने सुसाट पळायचं आणि मधल्या साथीदाराला गोल करण्याची संधी द्यायची, हे त्यांचं काम.

पुढे टीकमगढच्या नावाजलेल्या भगवंत क्लबातून ते खेळले. 1941 मध्ये बीबी अँड सीआय रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, त्यांना आपल्याकडे घेतलं. त्या काळी खेळावर पोट भरत नसे. छोट्या गावच्या खेळाडूला रेल्वेची नोकरी लागली म्हणजे महिन्याचा पगार आणि खेळायला सुट्टी, दोन्हींची सोय झाली.

हातची वर्षं युद्धात गेली

1936 मध्ये ध्यानचंद यांच्या संघाने बर्लिनमध्ये जर्मनीला 8-1 ने हरवलं, तेव्हा किशनलाल एकोणीस वर्षांचे होते. पुढच्या ऑलिंपिकला ते तेवीस वर्षांचे झाले असते, त्याच्या पुढच्या वेळी सत्तावीस. बगलेवर पळणाऱ्या खेळाडूची हीच ऐन उमेदीची वर्षं. पण दुसऱ्या महायुद्धामुळे 1940 आणि 1944 ही दोन्ही ऑलिंपिकं झालीच नाहीत. त्या पिढीतल्या कित्येकांची कारकीर्द तशीच सरली. किशनलाल मात्र खेळत राहिले. 1947 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर ध्यानचंद यांच्या हाताखाली ते उपकर्णधार होते. 1948 मध्ये लंडनसाठी कर्णधारपद त्यांच्याकडे आलं. वय एकतीस आणि पहिलंच ऑलिंपिक.

संघ बांधणं सोपं नव्हतं. फाळणीत बरेच चांगले खेळाडू पाकिस्तानकडे गेले होते. नव्या संघात मुंबईकरांचा मोठा भरणा होता. उपकर्णधार होते के. डी. सिंग 'बाबू', आणि पुढच्या फळीत तरुण बलबीरसिंग.

भारताने ऑस्ट्रियाला 8-0, अर्जेंटिनाला 9-1 आणि स्पेनला 2-0 असं हरवलं. उपांत्य फेरीत हॉलंडने घाम फोडला, तो सामना 2-1 ने निघाला. अंतिम सामन्यात समोर होता ब्रिटन. 1920 नंतर ब्रिटनने ऑलिंपिकमध्ये हॉकीचा संघ उतरवलाच नव्हता. त्यामुळे राज्यकर्ते आणि त्यांची प्रजा कधी समोरासमोर आलेच नव्हते. 12 ऑगस्ट 1948 रोजी वेम्बलीवर ते समोरासमोर आले. आता मात्र दोन्ही देश बरोबरीचे होते.

मैदान पावसाने चिखलमय झालेलं. घसरू नये म्हणून किशनलाल आणि बाबू बूट काढून अनवाणी खेळले, असं सांगतात. बलबीरसिंग यांनी दोन, तरलोचनसिंग आणि पॅट जॅन्सन यांनी एकेक गोल केला. भारत 4, ब्रिटन 0. स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर होता, आणि लंडनमध्ये तिरंगा सगळ्यात वर चढला.

खेळ थांबला, मैदान नाही

किशनलाल यांच्या वाट्याला तेवढं एकच ऑलिंपिक आलं. पण खेळणं सुटलं तरी मैदान सुटलं नाही. प्रशिक्षक म्हणून त्यांनी रेल्वेचे खेळाडू घडवले. पन्नासच्या दशकाच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या संघाचा दबदबा होता. परदेशातल्या खेळाडूंनाही त्यांनी शिकवलं. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1980 मध्ये त्यांचं निधन झालं.

महूची ही परंपरा त्यांच्यापाशी थांबली नाही. याच भागातले शंकर लक्ष्मण 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे गोलरक्षक होते. पुढे 1966 च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या कर्णधारपदाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. अखेरचा काळ मात्र त्यांनी आजारपण आणि हलाखीत काढला. 2006 मध्ये महूतच ते गेले.

1948 च्या विजयावर 2018 मध्ये 'गोल्ड' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातली पात्रं काल्पनिक आहेत. चित्रपट पाहिलेल्या पोरांना त्या संघाच्या खऱ्या कर्णधाराचं नाव विचारलं, तर किती जण सांगतील? आणि तो तर आपल्या शेजारच्या महूचा. धार, इंदूर, देवास पट्ट्यातल्या शाळांनी पोरांच्या हाती हॉकी स्टिक देताना ते नावही सांगायला हवं.