पेपरला टाळं, बँक बुडाली, मालक तुरुंगात. तरी ‘मनोरमा’ परत आला

सचिनच्या बॅटवरचं एमआरएफचं स्टिकर आठवतंय? ती कंपनी काढणाऱ्याच्या वडिलांची ही गोष्ट.

त्यांचं नाव के. सी. मम्मेन माप्पिल्लई. त्यांच्या काकांनी, वर्गीस माप्पिल्लईंनी, १८८८ मध्ये केरळातल्या कोट्टायममध्ये कंपनी काढली आणि १८९० मध्ये ‘मलयाळ मनोरमा’ सुरू केला. १९०४ मध्ये काका गेले आणि पेपर पुतण्याकडे आला. १९२८ मध्ये त्यांनी तो दैनिक केला. सोबत बँकही उभी केली.

पुढे त्रावणकोर संस्थानात लोकांना राज्यकारभारात वाटा हवा, ही मागणी पेटली. मनोरमा लोकांच्या बाजूने उभा राहिला आणि दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या डोळ्यांत खुपू लागला. १९३८ मध्ये आधी बँक बुडाली. त्यामागे दिवाणांचाच हात असल्याचा आरोप कुटुंबाने केला. मग सप्टेंबरमध्ये छापखान्याला सील लागलं आणि माप्पिल्लईंना तुरुंगात जावं लागलं.

घरची श्रीमंती गेली. १९४६ मध्ये एका मुलाने मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवायला घेतले. तीच पुढची एमआरएफ.

१९४७ मध्ये दिवाण पायउतार झाले आणि मनोरमा पुन्हा छापला जाऊ लागला. माप्पिल्लई १९५३ मध्ये वारले, पण आपला पेपर परत आलेला बघूनच.

आज मनोरमा देशातल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकांत गणला जातो.