कापलेलं सफरचंद, लाल मिरची आणि ब्रेन स्ट्रोक: व्हिटॅमिन सी शोधणाऱ्या अल्बर्टची गोष्ट

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आपण ग्रीन टीच्या पाकिटावर, फेसवॉशवर आणि ज्यूसच्या बाटलीवर रोज वाचतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर 'अमुक अँटिऑक्सिडंट घ्या, लकवा होणारच नाही' असे मेसेज फिरतच असतात. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण दावा कुठून आला आणि टेस्टिंगमध्ये टिकला का, हे बघायची सवय कामामुळे लागली आहे. हा दावा मागे मागे नेत गेलो की एक भन्नाट माणूस भेटतो. त्याचं नाव अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी.

मामाला वाटायचं, पोरगं ढ आहे

अल्बर्टचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी हंगेरीत, बुडापेस्टमध्ये झाला. आईकडचे लोक शास्त्रज्ञ होते. मामा नावाजलेला शरीररचनाशास्त्रज्ञ होता आणि भाच्यात काही दम नाही असं त्याचं मत होतं. पुढे भाचा अभ्यासाला लागला तेव्हा मामाने प्रयोगशाळेत काम दिलं, पण विषय कुठला? गुदद्वाराची त्वचा! कारण मामाला स्वतःला मूळव्याध होती. अल्बर्टचं संशोधन असं खालच्या टोकापासून सुरू झालं.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. मेडिकलचा हा विद्यार्थी सैन्यात गेला, शौर्यपदकही मिळवलं. पण खंदकातली माणसं कशासाठी मरतायत हे त्याला कळेना. १९१६ मध्ये त्याने स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, जखमी म्हणून घरी परतला आणि १९१७ मध्ये डॉक्टर झाला.

अर्ध्या क्षणाचा लॅग

युद्धानंतर तो प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग असं करत नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनला पोचला. तिथे त्याला एक घरगुती प्रश्न पडला. सफरचंद किंवा बटाटा कापून ठेवला की तपकिरी होतो. आपल्याकडे वांगी चिरली की लगेच पाण्यात टाकतात, ती याच कारणाने. मग लिंबू, संत्रं का काळं पडत नाही?

प्रयोगशाळेत एक रासायनिक क्रिया होती, तिच्यात निळा रंग झटकन यायचा. त्यात अशा फळांचा रस घातला की रंग यायचाच, पण किंचित उशिरा. बाकी कुणी म्हणालं असतं, चालतंय ना, सोडा. अल्बर्टने मात्र तो लॅग पकडला. रसातलं काहीतरी ऑक्सिडेशनचा मारा आधी स्वतःवर घेत होतं. ते संपेपर्यंत रंग येत नव्हता. अँटिऑक्सिडंटचं काम एका वाक्यात सांगायचं तर हेच: दुसऱ्याचं नुकसान होण्याआधी स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकणं.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडणाऱ्या एका आजारात माणसाची कातडी काळपट पडते. म्हणून त्याने त्या ग्रंथीतही शोध घेतला, आणि तोच पदार्थ तिथेही निघाला!

पण १९२६ साली नोकरी गेली. बायको-मुलीला माहेरी पाठवावं लागलं. अल्बर्ट पूर्ण खचला होता. तशा अवस्थेत तो स्टॉकहोमच्या एका परिषदेला गेला. केंब्रिजचे मोठे शास्त्रज्ञ गौलँड हॉपकिन्स यांनी भाषणात त्याच्याच पेपरचा उल्लेख केला. ओळख झाली आणि हॉपकिन्सनी त्याला केंब्रिजला बोलावून घेतलं.

नाव काय ठेवू?

केंब्रिजला त्याने तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९२८ मध्ये पेपर छापायचा होता, पण पदार्थ नेमका काय हे माहीत नव्हतं. मग त्याने साखरेच्या नावांसारखं, पण 'माहीत नाही' असा अर्थ दडलेलं नाव सुचवलं. संपादक चिडले. दुसरं नाव सुचवलं, त्याचा अर्थ 'देव जाणे'! तेही बाद. शेवटी 'हेक्झुरॉनिक अ‍ॅसिड' असं सरळ नाव पडलं.

पुढची अडचण मालाची होती. अमेरिकेत कत्तलखान्यांतून ढिगाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणून त्याने मोठ्या कष्टाने सुमारे २५ ग्रॅम स्फटिक काढले. रचना शोधायला तेवढे पुरले नाहीत.

मग तो मायदेशी, सेगेड शहरात प्राध्यापक झाला. तिथे जोसेफ स्विरबेली हा तरुण सहकारी मिळाला. दोघांनी गिनी पिगवर प्रयोग केला, कारण माणसासारखंच गिनी पिगलाही व्हिटॅमिन सी शरीरात बनवता येत नाही. उकळलेलं अन्न खाणाऱ्या प्राण्यांना स्कर्व्ही झाला. त्याच अन्नासोबत हेक्झुरॉनिक अ‍ॅसिड मिळालेले ठणठणीत राहिले. म्हणजे हेच व्हिटॅमिन सी. १९३२ मध्ये हे जाहीर झालं. अमेरिकेत चार्ल्स किंग यांनी तेच काही दिवस आधी छापलं होतं, त्यामुळे श्रेयाचा वाद बराच रंगला.

आता मिरची. सेगेड म्हणजे पॅपरिका मिरचीचं गाव. एका रात्री बायकोने जेवणात ताजी लाल मिरची वाढली. अल्बर्टला ती खायची नव्हती. ही आपण कधी तपासलीच नाही, असं सुचलं आणि स्वारी मिरची घेऊन थेट प्रयोगशाळेत. मध्यरात्रीपर्यंत कळलं की ती व्हिटॅमिन सीने ठासून भरली आहे. काही आठवड्यांत जवळपास दीड किलो शुद्ध स्फटिक तयार झाले. इंग्लंडच्या वॉल्टर हॅवर्थ यांनी त्यातून रचना शोधली आणि दोघांनी मिळून नाव ठेवलं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे स्कर्व्ही रोखणारं. १९३७ साली अल्बर्टला वैद्यकशास्त्राचं आणि हॅवर्थना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

नोबेलचं सुवर्णपदक त्याने युद्धात सापडलेल्या फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकलं. दुसऱ्या महायुद्धात तो इस्तंबूलला गुप्तपणे दोस्त राष्ट्रांशी बोलणी करायला गेला. ते नाझींना कळलं आणि युद्ध संपेपर्यंत त्याला गेस्टापोपासून लपून राहावं लागलं. १९४७ मध्ये तो अमेरिकेत वूड्स होलला गेला. दुसरी पत्नी आणि मुलगी दोघी कॅन्सरने गेल्या. त्यानंतर कॅन्सर आणि फ्री रॅडिकल हाच त्याचा ध्यास होता. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी तो गेला.

मग स्ट्रोकचं काय?

मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के. रक्ताची गुठळी अडकली की दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी निघून रक्त परत आलं की अचानक मिळालेल्या ऑक्सिजनमुळे फ्री रॅडिकलचा लोंढा येतो. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला रेणू. तो दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, पेशीचं आवरणही सोडत नाही. सफरचंद तपकिरी होण्यामागेही ऑक्सिडेशनच होतं, इथे ते मेंदूत आणि फार वेगाने घडतं.

मग अँटिऑक्सिडंट दिलं की झालं ना? कागदावर एकदम बरोबर. 'एनएक्सवाय-०५९' नावाचं औषध प्राण्यांवर छान चाललं. २००६ मध्ये १,७२२ रुग्णांवरच्या चाचणीत थोडा फायदाही दिसला. मग ३,३००हून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००७ मध्ये निकाल आला: काहीच फायदा नाही. प्रोजेक्ट बंद.

आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट सर्व्हरवर पास, प्रॉडक्शनमध्ये फेल. प्रयोगातले प्राणी बहुतेक तरुण आणि निरोगी असतात, औषधही लवकर मिळतं. खरा रुग्ण वयस्कर असतो, बीपी-शुगर असते, दवाखान्यात पोचेपर्यंत तास गेलेले असतात. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक फायरवॉल आहे. साधं व्हिटॅमिन सी तिच्यातून सहज आत जात नाही. त्याचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप मात्र ग्लुकोजच्या दारातून शिरतं. २००१ मध्ये उंदरांवर ते देऊन स्ट्रोकचं नुकसान कमी झालेलं दिसलं, पण पुन्हा, उंदरांवर.

दरवाजा पूर्ण बंद नाही. जपानमध्ये 'एडाराव्होन' हे फ्री रॅडिकल पकडणारं औषध २००१ पासून स्ट्रोकसाठी मंजूर आहे. पण ते दवाखान्यात शिरेतून देतात, किराणा दुकानातल्या डबीतून नाही. आणि गोळ्या नेहमी निरुपद्रवी असतात असंही नाही. व्हिटॅमिन ईच्या चाचण्यांचा २०१०चा आढावा सांगतो की गुठळीचा स्ट्रोक साधारण १० टक्के कमी झाला, पण मेंदूत रक्तस्राव होणारा स्ट्रोक २२ टक्के वाढला.

अल्बर्टकडून मी एक गोष्ट घेतो. पदार्थ माहीत नव्हता तेव्हा त्याने नावातच 'माहीत नाही' लिहिलं, आणि गिनी पिगने होकार दिल्यावरच त्याला व्हिटॅमिन म्हटलं. फॉरवर्ड करणाऱ्यांकडे नेमका हाच संयम नसतो.

म्हणून लिंबू, पेरू, आवळा, ढब्बू मिरची बिनधास्त खा, चांगलंच आहे. पण घरात कुणाचा चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. तोंडाने काहीच देऊ नका, गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्रास किती वाजता सुरू झाला ते मोबाइलवर नोंदवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हे शेवटचे चार मुद्दे फॅमिली ग्रुपवर टाका. 'चमत्कारी अँटिऑक्सिडंट'च्या मेसेजपेक्षा ते नक्कीच जास्त कामाचे आहेत.