एका सुताचा फरक

बँकेत असताना माझी पहिली ग्रामीण शाखा कृष्णाकाठची होती. साल १९८४. सगळा उसाचा पट्टा, त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉलीची कर्जं पुष्कळ. कर्जातून घेतलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि अहवाल लिहायचा, हे काम माझ्याकडे असे. अशाच एका संध्याकाळी मी एका शेतकऱ्याच्या दारात उभा होतो आणि ट्रॅक्टरच्या मागे हुक बसवण्याचं काम अडलं होतं. हुकाची जाड पट्टी जवळच्या वर्कशॉपातून करून आणलेली. चार भोकांपैकी दोन जुळली, उरलेली दोन काही केल्या जुळेनात.

मिस्त्रींनी टेप लावला. ट्रॅक्टरच्या भोकांमधलं अंतर २०० मिलिमीटर होतं आणि पट्टीवरचं आठ इंच, म्हणजे २०३.२ मिलिमीटर. फरक एका सुताचा. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीच झाला, पण वर्कशॉपातली भाषा सुताचीच राहिली. नटाचीही तीच कथा. बोल्ट १६ मिलिमीटरचे आणि दुकानदारानं दिलेले नट पाच सुती. दिसायला सारखेच. दोन-तीन वेढे सहज फिरले आणि घट्ट अडकले.

शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी तोड मिळाली होती. मला शेवटची एसटी गाठायची होती. मी शहाणपणानं सुचवलं, की भोकं कानसून जरा लांबट करा आणि नट मोठ्या पान्यानं दाबून बसवा. मिस्त्रींनी साफ नकार दिला. लांबट भोकात बोल्ट हलत राहतो, जबरदस्तीनं बसवलेला नट आटे कापतो, आणि भरल्या ट्रॉलीवर मोळ्यांवर माणसं बसलेली असतात, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. तो नट बाजूला टाकताना ते म्हणाले, की हा विटवर्थचा आहे. मला वाटलं, नट बनवणारी एखादी कंपनी असावी.

तो माणूस होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. जोसेफ व्हिटवर्थ. जन्म २१ डिसेंबर १८०३, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावी. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी पोराला डर्बीशायरमध्ये मामांच्या सूतगिरणीत पाठवलं, पुढेमागे धंदा सांभाळेल म्हणून. पण पोराचा जीव सुतात नव्हता, यंत्रात होता. काही वर्षांनी तो तिथून पळाला आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ साली लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात शिरला. त्या काळी यंत्रकामातलं ते काशीक्षेत्रच. पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही त्यानं काम केलं. चार्ल्स बॅबेजचं गणितयंत्र ज्यांच्या वर्कशॉपात घडत होतं, तेच हे क्लेमंट.

१८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं. त्याचं पहिलं वेड सपाट पृष्ठभागाचं. सपाट म्हणजे खरंखुरं सपाट. लोखंडाचे दोन पत्रे एकमेकांवर घासले तर ते जुळतात, पण एक खोलगट आणि दुसरा फुगीर असूनही जुळू शकतात. म्हणून तीन पत्रे घ्यायचे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी ताडून पाहायचा, उंचवटे हातानं खरवडून काढायचे आणि पुन्हा ताडायचं. तिन्ही एकमेकांशी जुळले, की ते सपाटच असणार. बँकेत आम्ही तीन वह्यांचा मेळ घालत असू, त्यामुळे ही युक्ती मला वाचताक्षणी पटली.

पण त्याचं नाव घरोघरच्या पेटीत गेलं ते आट्यांमुळे. तोवर प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असे. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला बसत नसे, आणि यंत्र दूर गावी बिघडलं तर मूळ कारखान्यालाच शरण जावं लागे. व्हिटवर्थनं काय करावं? स्वतःचं नवं, सर्वांगसुंदर माप काढून लोकांच्या माथी मारलं नाही. देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, आटे मोजले, त्यांच्या उतारांचे कोन मोजले आणि सरासरी काढली. कोन आला ५५ अंशांचा. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. हे त्यानं १८४१ साली सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलं. प्रत्येकाला आपलं थोडंच सोडावं लागत होतं, म्हणून ते चाललं. रेल्वे कंपन्यांनी उचललं आणि वीसेक वर्षांत सगळ्या ब्रिटनमध्ये रुळलं. क्रिमियाच्या युद्धात जॉन पेन यांना तोफनौकांसाठी नव्वदच्या आसपास इंजिनं तातडीनं हवी होती. त्यांनी सुटे भाग गावोगावच्या कारखान्यांत वाटून करून घेतले आणि सुमारे तीन महिन्यांत इंजिनं उभी राहिली.

याच माणसानं दशलक्षांश इंचाचा फरक दाखवणारं यंत्र १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या सुमारास सिद्ध केलं. इंचाचे दहा, शंभर, हजार असे भाग करावेत, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे सूत त्याला स्वतःलाही नकोच होतं!

पुढची गोष्ट मात्र वेगळी. सरकारनं १८५४ मध्ये त्याला बंदुकीकडे लक्ष घालायला सांगितलं. त्यानं घराशेजारी ५०० यार्डांचा बंदिस्त नेमबाजीचा मार्ग बांधला, तो वादळात पडला, तर पुन्हा उभारला. षट्कोनी नळीची बंदूक केली. १८५७ च्या चाचणीत तिनं सैन्याच्या एन्फील्ड बंदुकीला सरळ मागं टाकलं. १८६० साली विंबल्डनला राणी व्हिक्टोरियानं रेशमी दोरी ओढून तिचा बार काढला आणि ४०० यार्डांवर गोळी जवळजवळ मध्यबिंदूत बसली. तरीही सैन्यानं ती घेतली नाही. नळी बारीक, खर्च जास्त, लवकर घाण धरणारी, अशा तक्रारी होत्या. व्हिटवर्थ मात्र आपल्या मापावरून हटेना. ज्यानं साऱ्या देशाच्या बोल्टांची सरासरी काढली, त्याला इथं एक पाऊल मागं घेता आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तोफांच्या धंद्यात विल्यम आर्मस्ट्राँग हे त्याचे प्रतिस्पर्धी. त्यांच्याशीही कधी पटलं नाही.

पैसा भरपूर मिळवला, १८६९ मध्ये सरदारकीही मिळाली. मूलबाळ नव्हतं. १८६८ साली त्यानं तरुण यंत्रज्ञांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यात एक अट घातली, की मुलाला पुस्तकाइतकीच हातातल्या हत्याराचीही ओळख हवी. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथं तो वारला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याची कंपनी आर्मस्ट्राँगच्या कंपनीत विलीन झाली आणि दोघांची नावं एकाच पाटीवर आली.

अमेरिकेनं त्याआधीच, १८६४ मध्ये, विल्यम सेलर्स यांचे ६० अंशांचे आटे पसंत केले होते. अर्ध्या इंचाला तिथं १३, इथं १२. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याला हा एक आटा फार महागात पडला, तेव्हा कुठे १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एका मापावर आले.

मिस्त्रींनी त्या रात्री जुनी पट्टी कोपऱ्यात टाकली, नवी कापली, ट्रॅक्टरवरच्या भोकांवरून खुणा घेऊन छिद्रं पाडली आणि तालुक्याहून १६ मिलिमीटरचे नट मागवले. माझी एसटी चुकली. शेतकऱ्याच्या ओसरीवर झोपलो, सकाळी ट्रॉली फडाकडे जाताना पाहिली, आणि अहवालावर एक दिवस पुढची तारीख टाकली.